परवान्यावर उभे राहिलेले शहर

२०१४ या एका वर्षात अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या शहरात बारापैकी चार कॅसिनो बंद पडले. जानेवारीत अटलांटिक क्लबने दारे लावली. ऑगस्टअखेरपासून तीन आठवड्यांच्या आत शोबोट, रेव्हेल आणि ट्रम्प प्लाझा हेही त्याच वाटेने गेले. जेमतेम चाळीस हजार वस्तीच्या शहरातून सुमारे आठ हजार नोकऱ्या एका वर्षात नाहीशा झाल्या.

या पडझडीची दोन कारणे तेव्हा हमखास सांगितली जात. एक म्हणजे २००८ ची मंदी आणि दुसरे मालकांची उधळपट्टी. दोन्हींत तथ्य आहे. पण मंदी ओसरल्यावरही शहराचे उत्पन्न घसरतच राहिले, आणि शोबोट बंद झाला तेव्हा तो तोट्यातही नव्हता. खरे कारण शोधायचे तर या शहराची भरभराट मुळात कशावर उभी राहिली, हे आरंभापासून पाहावे लागते.

अटलांटिक सिटी अब्सिकन नावाच्या बेटावर वसली आहे. हे 'बॅरिअर आयलंड' आहे, म्हणजे मुख्य भूमीला समांतर पसरलेला आणि लाटांचा मारा स्वतःवर घेणारा वाळूचा लांबट पट्टा. येथे ना बंदर होते, ना सुपीक जमीन. डॉ. जोनाथन पिटनी या स्थानिक डॉक्टरांना मात्र येथील हवेत आरोग्यधाम दिसले. त्यांच्या खटपटीतून कॅम्डेन अँड अटलांटिक ही रेल्वे उभी राहिली आणि १८५४ च्या जुलैमध्ये पहिली गाडी बेटावर पोहोचली. रेल्वेचे अभियंता रिचर्ड ऑस्बोर्न यांनी शहराला नाव दिले.

त्या काळी रेल्वे म्हणजेच शहराचे भांडवल होते. सुमारे १०० किलोमीटरवरच्या फिलाडेल्फियातील गिरणीकामगार आणि कारकून सकाळी गाडीत बसून दुपारच्या आत समुद्रावर पोहोचू लागले. आगगाडीमुळे समुद्र सामान्य माणसाच्या खिशाला परवडू लागला. किनारे इतरत्रही होते, पण रेल्वेने इतके सहज गाठता येण्याजोगा किनारा हाच होता. या शहराला मिळालेला हा पहिला एकाधिकार म्हणता येईल.

पाहुण्यांच्या पायांबरोबर हॉटेलांत आणि रेल्वेच्या डब्यांत वाळू येऊ लागली. त्यावर उपाय म्हणून १८७० मध्ये किनाऱ्यालगत लाकडी फळ्यांचा रस्ता घालण्यात आला. हाच पुढे जगप्रसिद्ध झालेला बोर्डवॉक. त्याच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला दुकाने, हॉटेले, नाट्यगृहे अशी रांग उभी राहिली. १८९८ मध्ये समुद्रात शिरलेला स्टील पिअर हा करमणुकीचा धक्का सुरू झाला. उन्हाळा संपल्यावरही पाहुणे थांबावेत म्हणून १९२१ च्या सप्टेंबरमध्ये सौंदर्यस्पर्धा भरवली गेली, आणि तीच 'मिस अमेरिका' झाली. १९३५ साली बाजारात आलेल्या 'मोनोपॉली' या खेळाच्या पटावर याच शहरातील रस्त्यांची नावे आहेत. आपल्याकडे घरोघरी खेळला जाणारा 'व्यापार' त्याच धर्तीचा आहे.

या वैभवाचे श्रम कोणाचे होते, हेही नोंदवले पाहिजे. हॉटेलांतील वाढपी, स्वयंपाकी, सफाईवाल्या आणि बोर्डवॉकवर पाहुण्यांना चाकांच्या खुर्च्यांतून फिरवणारी माणसे बहुतांशी दक्षिणेतून आलेली कृष्णवर्णीय होती. त्यांची वस्ती रेल्वेमार्गापलीकडच्या नॉर्थसाइड भागात असे, आणि समुद्रस्नानासाठीही त्यांना किनाऱ्याचा वेगळा तुकडा ठरवून दिलेला होता. शहराच्या श्रीमंतीत त्यांचा वाटा पगारापुरताच होता. पुढील शंभर वर्षांत मालक आणि धंदे बदलले, पण ही विषम वाटणी फारशी बदलली नाही.

१९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. अटलांटिक सिटीत मात्र ती नावापुरतीच पाळली जाई. 'नकी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इनॉक जॉन्सन या राजकीय पुढाऱ्याच्या आश्रयाने दारू, जुगार आणि वेश्याव्यवसाय राजरोस चाले. या धंद्यांतून वर जाणारा हप्ता हा त्या व्यवस्थेचा कणा होता. १९४१ मध्ये जॉन्सन करचुकवेगिरीत दोषी ठरला. इतरत्र जे मना आहे ते येथे मिळते, याच आकर्षणावर शहर या काळात पोसले गेले. रेल्वेच्या एकाधिकाराला आता नियमातील सवलतीची जोड मिळाली होती, मग ती बेकायदा का असेना.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे दोन्ही आधार गेले. दारू देशभर मिळू लागली होती. घरोघरी मोटार आली आणि ज्या किनाऱ्यांना रेल्वे नव्हती तेही जवळचे झाले. विमानप्रवास स्वस्त झाल्यावर फ्लोरिडा आणि कॅरिबियन बेटे आवाक्यात आली. वातानुकूलन यंत्रांमुळे उकाड्यापासून पळण्यासाठी समुद्रावर जाण्याची निकड उरली नाही. पूर्वी आठवडाभर मुक्काम करणारी कुटुंबे आता सकाळी येऊन संध्याकाळी परतू लागली, किंवा येईनाशीच झाली. १९३० मध्ये शहराची लोकसंख्या ६६ हजारांवर होती. त्यानंतर ती उतरतच गेली. १९६४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन येथे भरले, तेव्हा देशभरातून आलेल्या पत्रकारांनी जुनाट खोल्या आणि बकाल रस्ते जगापुढे मांडले. जाहिरातीसाठी आणलेल्या अधिवेशनाने शहराची दुरवस्थाच जाहीर केली.

या अवस्थेवर उतारा म्हणून कॅसिनोची कल्पना पुढे आली. तोवर अमेरिकेत कॅसिनो फक्त नेवाडा राज्यात कायदेशीर होते. न्यू जर्सीत राज्यभर कॅसिनोंना मुभा देण्याचा प्रस्ताव १९७४ च्या सार्वमतात मतदारांनी फेटाळला. १९७६ मध्ये तोच प्रस्ताव केवळ अटलांटिक सिटीपुरता मर्यादित करून पुन्हा मांडण्यात आला आणि या वेळी तो संमत झाला. दोन निकालांतील हा फरक बोलका आहे. लोकांना जुगार आपल्या दारात नको होता. दूरच्या एका बेटावर, राज्याला कर मिळवून देणारा आणि एका खचलेल्या शहराला सावरणारा जुगार त्यांना मान्य होता.

१९७७ च्या कॅसिनो नियंत्रण कायद्यात हा हेतू स्पष्ट शब्दांत आला. कॅसिनो हे शहराच्या पुनर्विकासाचे एक खास साधन आहे, अशी त्यामागची भूमिका होती. गव्हर्नर ब्रेंडन बर्न यांनी बोर्डवॉकवर जाहीर समारंभात कायद्यावर सही केली आणि संघटित गुन्हेगारांना या शहरापासून दूर राहण्याचा इशारा दिला. २६ मे १९७८ रोजी रिसॉर्ट्स इंटरनॅशनल हा पहिला कॅसिनो उघडला, तेव्हा आत शिरण्यासाठी बोर्डवॉकवर रांगा लागल्या होत्या.

कॅसिनोचा धंदा चालतो कसा, हे येथे थोडक्यात समजून घेऊ. अमेरिकी रूलेटच्या चाकावर ३८ घरे असतात. एका आकड्यावर एक डॉलर लावून जिंकणाऱ्याला ३५ डॉलर मिळतात. गणिताने ३७ मिळायला हवेत. मधले दोन डॉलर हा कॅसिनोचा वाटा. याला 'हाउस एज' म्हणतात, म्हणजे प्रत्येक डावात घराच्या, अर्थात कॅसिनोच्या, बाजूने राखलेली सरशी. रूलेटमध्ये ती लावलेल्या प्रत्येक डॉलरमागे सव्वापाच सेंट पडते. एखादा खेळाडू जिंकतो, पण हजारो खेळाडूंच्या लाखो डावांत घर हरत नाही. खेळाडूंनी लावलेल्या रकमेतून त्यांना परत गेलेली रक्कम वजा केली की उरते ते 'ग्रॉस गेमिंग रेव्हेन्यू', अर्थात जुगाराचे ढोबळ उत्पन्न. खेळाडूंनी मिळून गमावलेली रक्कम ती हीच. न्यू जर्सीने तिच्यावर आठ टक्के कर लावला.

हा पैसा लहान नव्हता. ऐंशीच्या दशकात कॅसिनोंची संख्या डझनावर गेली. नव्वदच्या दशकात तेथील नोकऱ्या सुमारे ५० हजारांपर्यंत पोहोचल्या, म्हणजे शहराच्या लोकसंख्येहून अधिक. २००६ मध्ये ढोबळ उत्पन्नाने ५.२ अब्ज डॉलरचा उच्चांक गाठला. आठ टक्क्यांच्या करातून राज्यभरातील वृद्ध आणि दिव्यांगांना औषधे, वीजबिल, प्रवास यांसाठी मदत मिळत राहिली. कामगार संघटनेच्या करारामुळे खोल्या साफ करणाऱ्या बाईलाही आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतन मिळाले. दक्षिण आशियातून आलेल्या कितीतरी कुटुंबांनी, विशेषतः बांगलादेशींनी, याच नोकऱ्यांवर अमेरिकेत पाय रोवले. या गोष्टी जमेच्या बाजूला मांडल्याच पाहिजेत.

खर्चाच्या बाजूला शहर होते. कॅसिनोच्या इमारतीची रचनाच अशी असते की आलेला पाहुणा बाहेर पडू नये. खिडक्या आणि घड्याळे नसतात, आणि जेवण, मद्य, खोली, करमणूक हे सारे आतच असते. नेहमीच्या खेळाडूंना यातले पुष्कळसे फुकट मिळते. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाहून बसगाड्या भरून ज्येष्ठ नागरिक येत. बसमधून उतरताच त्यांच्या हाती नाण्यांची पुडकी दिली जात, दिवसभर ते जुगाराच्या यंत्रांपुढे बसत आणि संध्याकाळी परतत. कोट्यवधी पाहुणे शहरात येऊन गेले, पण कोपऱ्यावरच्या खाणावळीत किंवा कापडाच्या दुकानात त्यांतले थोडेच शिरले.

जमिनीचेही असेच झाले. सार्वमतानंतर भाव भडकले. पुढेमागे एखादा कॅसिनोवाला घेईल या आशेने मालकांनी भाडेकरू काढले, जुनी घरे पाडली आणि भूखंड मोकळे ठेवले. बहुतेक भूखंडांना गिऱ्हाईक आलेच नाही. पगारदार कर्मचाऱ्यांनी घरे घेतली ती खाडीपलीकडच्या उपनगरांत. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या पुनर्गुंतवणूक प्राधिकरणाकडे कॅसिनोंच्या उत्पन्नाचा सव्वा टक्का येऊ लागला. त्यातून काही घरे नक्कीच बांधली गेली, पण बराच पैसा राज्यातील इतर प्रकल्पांकडे आणि खुद्द कॅसिनोंच्या विस्ताराकडेही वळला. कॅसिनो पर्वाला चार दशके उलटून गेल्यावरही या शहरात धड मोठे किराणा दुकान नव्हते, आणि सुमारे एक-तृतीयांश रहिवासी दारिद्र्यरेषेखाली होते.

तरीही पैसा येत होता तोवर हे झाकले गेले. तो आटू का लागला, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर स्लॉट यंत्रात आहे. कॅसिनोच्या उत्पन्नाचा मोठा भाग पत्त्यांच्या टेबलावर येत नाही, तो कळ दाबून खेळायच्या या यंत्रांतून येतो. ही यंत्रे सगळीकडे सारखीच असतात. पंचक्रोशीत एकच पिठाची गिरणी असेल तर लोक दळण घेऊन पाच कोस चालतात; वाडीवाडीत गिरणी झाली की कोणी चालत नाही. अटलांटिक सिटीकडे जाणारी गर्दी यंत्राच्या ओढीने जात होती, आणि ते यंत्र जवळपास दुसरीकडे कायद्याने मिळत नव्हते म्हणून जात होती.

शेजारच्या राज्यांना हे दिसत होते. आपले नागरिक पैसे हरायला सीमा ओलांडतात आणि कर न्यू जर्सीला मिळतो, हा हिशेब कोणत्याही विधिमंडळाला कळण्याजोगा आहे. १९८८ च्या केंद्रीय कायद्याने अमेरिकेच्या मूळनिवासी जमातींना त्यांच्या भूमीवर जुगारगृहे चालवण्याची चौकट मिळाली. त्यातून कनेक्टिकटमध्ये १९९२ साली फॉक्सवुड्स आणि १९९६ साली मोहिगन सन हे प्रचंड कॅसिनो उभे राहिले. डेलावेअरने १९९५ मध्ये घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानांवर स्लॉट यंत्रे आणली. पुढे २०१० मध्ये मेरीलँड आणि २०११ मध्ये न्यूयॉर्क शहराचा क्वीन्स भागही या रांगेत आला.

सर्वांत मोठा घाव पेनसिल्व्हेनियाचा होता. तेथे २००४ मध्ये कायदा झाला, २००६ च्या अखेरीस पहिली यंत्रे सुरू झाली आणि २०१० मध्ये टेबलावरच्या खेळांनाही परवानगी मिळाली. अटलांटिक सिटी ज्या फिलाडेल्फियाच्या आधारावर जन्माला आली होती, तिथल्याच लोकांना आता घराजवळ कॅसिनो मिळाले. अटलांटिक सिटीच्या उत्पन्नाचा उच्चांकही २००६ चाच आहे, हा योगायोग नाही. २०१२ मध्ये पेनसिल्व्हेनियाने तिला मागे टाकले, आणि २०१५ पर्यंत तिचे उत्पन्न उच्चांकाच्या निम्म्यावर आले.

उत्पन्न निम्मे होते तेव्हा कर्ज निम्मे होत नाही. येथील बहुतेक मोठे कॅसिनो उसन्या पैशावर बांधले गेले होते. १९९० मध्ये उघडलेल्या ट्रम्प ताजमहालसाठी ६७ कोटी ५० लाख डॉलरचे 'जंक बाँड' विकण्यात आले होते. जंक बाँड म्हणजे बुडण्याचा धोका मोठा म्हणून चढे व्याज द्यावे लागणारे रोखे. व्याजदर होता १४ टक्के. केवळ व्याजापोटी रोज अडीच लाखांहून अधिक डॉलर बाजूला काढावे लागत. बाजार भरात होता तरी हा कॅसिनो दीड वर्षाच्या आतच दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोहोचला. रेव्हेलची कथा याहून टोकाची आहे. २.४ अब्ज डॉलर खर्चून तो २०१२ मध्ये उघडला, अडीच वर्षांत बंद झाला आणि २०१५ मध्ये ८ कोटी २० लाख डॉलरला विकला गेला. प्रवर्तकांची चूक येथे आहेच. पण इतके कर्ज देणाऱ्यांनीही गृहीत धरले होते की हा ओघ कायमचा आहे.

यानंतर संकट कॅसिनोंकडून पालिकेकडे सरकले. अमेरिकेत शहरे मुख्यतः मालमत्ता करावर चालतात, आणि कॅसिनोच्या इमारतीचे मूल्य ती किती कमावते यावर ठरते. कमाई घटल्यावर कॅसिनोंनी मूल्यांकनाविरुद्ध अपिले केली आणि जिंकली. २०१० ते २०१५ या पाच वर्षांत शहरातील करपात्र मालमत्तेचे मूल्य जवळपास एक-तृतीयांशावर आले. आधी वसूल केलेला करही परत करायची वेळ आली. एकट्या बोर्गाटा कॅसिनोचे साडेसोळा कोटी डॉलरच्या आसपास देणे होते. २०१७ मध्ये ७ कोटी २० लाखांवर तडजोड झाली. शाळा, पोलीस, अग्निशमन यांचा खर्च तसाच होता, म्हणून उरलेल्या साध्या घरमालकांवरचा बोजा वाढला. अखेर नोव्हेंबर २०१६ मध्ये राज्याने शहराचा कारभार बव्हंशी आपल्या हाती घेतला. कॅसिनोंना मूल्यांकनावरचा कर माफ करून, त्याऐवजी उत्पन्नाशी जोडलेली ठरावीक रक्कम भरण्याची सोय त्याच वर्षी करण्यात आली.

त्यानंतर शहर सावरले, हेही खरे आहे. २०१८ च्या जूनमध्ये, दरम्यान बंद पडलेल्या ताजमहालच्या जागी हार्ड रॉक आणि रेव्हेलच्या जागी ओशन असे दोन कॅसिनो एकाच दिवशी उघडले आणि एकूण संख्या नऊ झाली. स्टॉकटन विद्यापीठाने त्याच वर्षी शहरात वसतिगृहासह नवे संकुल सुरू केले. त्याच वर्षाच्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रीडा-सट्ट्यावरील केंद्रीय निर्बंध रद्द केले होते. तो खटला न्यू जर्सीनेच लढवला होता.

पण आकड्यांकडे नीट पाहिले पाहिजे. न्यू जर्सीत नोव्हेंबर २०१३ पासून ऑनलाइन जुगार कायदेशीरपणे चालतो. राज्यघटनेनुसार कॅसिनो फक्त अटलांटिक सिटीतच चालू शकतो, म्हणून ऑनलाइन खेळाचे सर्व्हर, म्हणजे तो चालवणारे मुख्य संगणक, याच शहरात ठेवले जातात. खेळाडू मात्र राज्यात कुठेही आपल्या घरी बसलेला असतो. २०२४ मध्ये राज्यातील जुगाराचे एकूण उत्पन्न सुमारे ६.३ अब्ज डॉलर होते, म्हणजे २००६ च्या उच्चांकाहून अधिक. त्यात प्रत्यक्ष कॅसिनोत खेळले गेलेले उत्पन्न सुमारे २.८ अब्जच होते. बाकीचे ऑनलाइन खेळ आणि क्रीडा-सट्ट्याचे.

हा फरक शहराच्या दृष्टीने फार मोठा आहे. ऑनलाइन खेळणाऱ्यासाठी खोली झाडावी लागत नाही, स्वयंपाक लागत नाही, बस लागत नाही. त्या उत्पन्नाचा मोठा वाटा ऑनलाइन मंच चालवणाऱ्या बाहेरच्या भागीदार कंपन्यांकडे जातो. हेच कारण पुढे करून कॅसिनोंनी आपली ठरावीक रक्कम कमी करण्याची मागणी केली, आणि २०२१ मध्ये राज्याने ऑनलाइन उत्पन्न त्या हिशेबातून वगळले. या निर्णयाला पुढे न्यायालयात आव्हान दिले गेले. शिवाय १९७६ मध्ये जुगार एका बेटापुरता ठेवण्याच्या अटीवर मतदारांनी कौल दिला होता. आज तो प्रत्येकाच्या मोबाइलवर आहे, आणि व्यसनी खेळाडूला त्यापासून दूर राहायला आता अंतराचीही मदत उरलेली नाही.

पुढची आव्हानेही दिसत आहेत. न्यूयॉर्क शहर आणि परिसरात तीन पूर्ण कॅसिनोंची वाट कायद्याने मोकळी झाली आहे, आणि अटलांटिक सिटीच्या गिऱ्हाइकांचा दुसरा मोठा साठा न्यूयॉर्क हाच आहे. ऑक्टोबर २०१२ मधील सँडी वादळ या शहराजवळच किनाऱ्यावर आदळले होते. समुद्राची पातळी वाढत असताना वाळूच्या सखल बेटावरील खाडीकाठच्या वस्त्यांत भरतीचे पाणी शिरते, आणि त्या वस्त्या प्रामुख्याने कष्टकऱ्यांच्या आहेत.

या साऱ्याशी आपला काय संबंध, असे वाटू शकते. पण संबंध आहे. न्यू जर्सीने कौल दिला त्याच १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने कॅसिनो नियंत्रण व कर कायदा केला होता. तो कधीच अमलात आला नाही. मधल्या काळात पर्यटन आणि महसुलाच्या नावाने तो लागू करण्याची मागणी वारंवार झाली. अखेर २०२३ मध्ये राज्य सरकारने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. गोव्याने वेगळा मार्ग धरला. १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट यंत्रांना आणि १९९६ मध्ये जहाजांवर टेबलाच्या खेळांना तेथे परवानगी मिळाली. आज पणजीसमोर मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजे उभी आहेत आणि त्यांच्या गिऱ्हाइकांत शेजारच्या राज्यांतून आलेल्यांची संख्या मोठी आहे. भारतात कायदेशीर कॅसिनो गोव्याखेरीज सिक्कीमसारख्या मोजक्याच ठिकाणी आहेत. म्हणजे गोव्याच्या या धंद्यामागेही महाराष्ट्र आणि कर्नाटक यांनी न दिलेली परवानगी उभी आहे. हे चित्र अटलांटिक सिटीच्या १९७८ ते १९९२ या काळाशी बरेच जुळते.

आता निष्कर्षाकडे येऊ. अटलांटिक सिटी कॅसिनोमुळे बुडाली हे म्हणणे अपुरे आहे, आणि कॅसिनोने ती तारली हे म्हणणेही अपुरे. शहराला मिळाले होते ते मर्यादित मुदतीचे भाडे. इतरांना जे मना आहे ते फक्त आपल्याला मोकळे आहे, या स्थितीतून मिळणारा पैसा कष्टाचा किंवा कौशल्याचा मोबदला नसतो. तो एका सरकारी निर्णयाचा मोबदला असतो, आणि शेजारचे सरकार एका अधिवेशनात तो संपवू शकते. रेल्वेचा एकाधिकार मोटारीने संपवला, दारूचा घटनादुरुस्तीने आणि कॅसिनोचा शेजारच्या विधिमंडळांनी. तीन वेळा घडलेल्या गोष्टीला दुर्दैव म्हणता येत नाही.

म्हणून या शहराची खरी चूक कॅसिनो आणण्यात शोधण्यापेक्षा, एकाधिकाराची ती दीड-दोन दशके कशी खर्च झाली यात शोधायला हवी, असे आमचे मत आहे. त्या काळात आलेल्या पैशातून शाळा सुधारता आल्या असत्या, स्थानिकांना घरे देता आली असती, पूररक्षक बांधकामे करता आली असती, कॅसिनोबाहेरच्या धंद्यांना भांडवल पुरवता आले असते. असे एकदा उभे राहिले की शेजारच्या राज्याला कायदा करून ते पळवता येत नाही. समुद्र, बोर्डवॉक आणि पाहुणचाराचे पिढीजात कसब या शहराकडे कॅसिनोच्या आधीपासून होते. नेमके तेच दुर्लक्षित राहिले. नफा गुंतवणूकदारांकडे गेला, कर राज्याच्या तिजोरीत गेला, आणि घसरणीचे ओझे मात्र शहरावर आणि तेथील कामगारांवर पडले.

यातून धोरण ठरवणाऱ्यांसाठी तीन कसोट्या निघतात. कॅसिनो असो, मद्याची सवलत असो की करमुक्त क्षेत्र असो, अशा परवान्याचे आश्वासन घेऊन कोणी आले की पहिला प्रश्न विचारावा: शेजाऱ्यानेही हाच परवाना दिला तर आपल्याकडे काय उरेल? दुसरा: येणाऱ्या पैशातील किती हिस्सा त्याच गावात, कायद्याने बांधून, टिकाऊ कामांवर खर्च होणार आहे? आणि तिसरा: उत्पन्न निम्म्यावर आले तर तोटा कोण सोसणार, हे करारात आजच लिहिले आहे का? या तिन्हींची लेखी उत्तरे मिळत नसतील, तर नोकऱ्यांचे आणि महसुलाचे आकडे कितीही मोठे असले तरी तो प्रस्ताव नाकारणेच त्या गावाच्या हिताचे ठरेल.